प्रीमियम घेण्याआधी एकदा मीटर रूमचं दार उघडा

प्रति,
गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींचा विमा उतरवणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांचे प्रमुख आणि प्रीमियम ठरवणारे अधिकारी यांस

विषय: जुन्या इमारतींचं वीज-पॅनेल आणि त्याचा विमा

महोदय / महोदया,

2025 च्या 26 ऑगस्टला, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी, आमच्या सोसायटीला विमा कंपनीचं पत्र आलं. मी स्टुलावर उभा राहून मखराला दिव्यांची माळ लावत होतो, मुलाने खालून मोबाइलवर वाचून दाखवलं. इमारतीचं वय 40 वर्षांहून अधिक, विद्युत यंत्रणा जुनी, सबब नूतनीकरणाचा प्रीमियम 18,400 ऐवजी 31,900 रुपये. शिवाय विजेच्या कारणाने आग लागली तर नुकसानीतले पहिले 2 लाख रुपये सोसायटीने सोसायचे, विम्याच्या भाषेत एक्सेस. पॉलिसी संपत होती 31 तारखेला, गौरी घरात यायच्या दिवशी.

वाढलेल्या पैशांसाठी मी हे लिहीत नाही. 32 घरांत वाटले तर वर्षाला घरामागे सव्वाचारशे रुपये होतात. ते आम्ही भरले. मी लिहितोय ते पत्रातल्या एका शब्दासाठी: 'जुनी'. आमची विद्युत यंत्रणा जुनी नाही. ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुळापासून बदलली आहे. का बदलावी लागली तेही त्याच कंपनीच्या फायलीत आहे, कारण आमच्या मीटर रूमला लागलेल्या आगीचा क्लेम त्यांनीच सेटल केला. आणि ज्या 11 वर्षांत ती खरोखरच जुनी होती, धोक्याची होती, त्या 11 वर्षांत तिच्याकडे बघायला कोणी आलं नाही. तेव्हा प्रीमियम स्वस्त होता.

कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. आसपासच्या चार सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी बोललो. चौघांच्या चार वेगळ्या कंपन्या, आणि रडगाणं थोड्याफार फरकाने तेच. म्हणून पत्र सगळ्यांना.

आधी माझी ओळख. ठाण्यातली आमची इमारत 1984 ची, तळमजला अधिक चार, दोन विंग, लिफ्ट नाही. नऊ वर्षं मी सेक्रेटरी आहे. त्याआधी 34 वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात विद्युत विभागात होतो, वायरमन म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. तेव्हा जुन्या पॅनेलबद्दल तुम्हाला वाटणारी भीती खोटी आहे असं मी तरी म्हणणार नाही. उलट तुमच्यापेक्षा मला ती जास्त वाटते.

आमची जुनी मीटर रूम म्हणजे जिन्याखालची सहा बाय आठची खोली. भिंतीला सागवानी फळ्या, फळ्यांवर मीटर, मीटरखाली चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे तार गुंडाळायचे फ्यूज. एका बाजूला लोखंडी पेटीतला मेन स्विच, त्याचा खटका वर करायला दोन्ही हात लावावे लागत. इमारत बांधली तेव्हा एका घराचा लोड किती होता? चार ट्यूब, तीन पंखे, फ्रिज असला तर फ्रिज, एक इस्त्री. त्यासाठी एक-अठराची वायर, म्हणजे आजच्या हिशेबात एक चौरस मिलिमीटरच्या आसपासची. आज त्याच घरात दोन एसी, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आहे. दीड टनाचा एसी चालताना सात-आठ अँपिअर ओढतो, दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ. भिंतीतली तार मात्र कित्येक घरांत तीच.

तार तापू लागली की फ्यूज उडायला हवा. तो उडतोही, पण त्यात योग्य तार असेल तर. 5 अँपिअरच्या फ्यूजला 0.2 मिलिमीटरची बारीक तार लागते, 15 अँपिअरला अर्ध्या मिलिमीटरची. सोसायट्यांमध्ये होतं काय? रात्री अकराला फ्यूज जातो, कोणाकडे फ्यूज वायर नसते, वॉचमन वायरचा एक तुकडा सोलून त्यातली तांब्याची तार किटकॅटला गुंडाळतो. ती असते सव्वा मिलिमीटर जाडीची. एवढी जाड तार वितळायला शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तोवर भिंतीतल्या वायरवरचं रबर केव्हाच जळून गेलेलं असतं. दिसायला फ्यूज आहे. कामाला तो फ्यूज नाही.

आता एक कबुली. 2009 च्या गणपतीत आमच्या पाण्याच्या पंपाचा फ्यूज दिवसातून तीनदा जात होता. पंपाचं बेअरिंग धरलं होतं, पण सणात मेकॅनिक मिळेना आणि वर टाकीत पाणी नाही. मी, 34 वर्षं इतरांना नियम शिकवणारा माणूस, खाली गेलो आणि जाड तार टाकली. 'सण झाला की बदलू' म्हणालो. ती तार पुढे सात वर्षं तिथेच होती. मी सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम ते केलं, पण कोणाला सांगितलं नाही. आज सांगतोय, कारण तुमच्यावर बोट दाखवायचं तर आधी आपला हात पुढे करावा लागतो.

आग मात्र त्या तारेने लागली नाही. 2024 च्या जुलैत, मुसळधार पावसाच्या रात्री अडीचच्या सुमारास, मेन स्विचजवळच्या एका लगमुळे, म्हणजे केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायच्या धातूच्या जोडामुळे लागली. बाहेरून येणारी केबल ॲल्युमिनियमची, स्विचचं टर्मिनल तांब्या-पितळेचं. ॲल्युमिनियमवर हवेत ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. शिवाय तापलं की ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, निवलं की आकसतं. रोज संध्याकाळी लोड चढतो, पहाटे उतरतो, आणि वर्षानुवर्षं या फुगण्या-आकसण्यात बोल्ट सैल होत जातो. सैल जोडाला उष्णता सुटते, उष्णतेने तो आणखी सैल होतो. यातली मेख अशी की करंट नेहमीएवढाच वाहत असतो. म्हणून फ्यूज गप्प बसतो. तिथे महागातली एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा खटका, असती तरी तीही गप्पच बसली असती. हे पकडायला थर्मल कॅमेऱ्याने पाहणी करावी लागते, नाहीतर निदान वर्षातून एकदा सप्लाय बंद करून कोणीतरी पान्हा लावून बोल्ट आवळावे लागतात. आमच्याकडे ते 40 वर्षांत झालं नव्हतं. मी होतो तरी.

जळत होती मीटर रूम, पण धूर चढला जिन्यातून. जिना एकच. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली कमिटीच्या कपाटात, पुन्हा कबुली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना ओल्या टॉवेलात गुंडाळून दोघांनी गॅलरीतून शिडीवर घेतलं. अग्निशमन दल लवकर पोहोचलं आणि माणूस एकही गेला नाही. तीनच महिन्यांनी, 6 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तळमजल्यावरच्या दुकानातून लागलेल्या आगीत एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या इमारतीत कोणी मोठ्याने बोललं नाही.

माझ्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहिली. 2013 ला पहिली पॉलिसी घेतली तेव्हा प्रपोजल फॉर्म तीन पानी होता. बांधकाम पक्कं आहे का, छप्पर कसलं, वय किती, जवळ पेट्रोल पंप आहे का, पूर येतो का, सगळं विचारलं. विजेबद्दल एकही प्रश्न नव्हता. आग कशाने लागेल या यादीत वीज सगळ्यात वर असते हे तुमच्या कुठल्याही सर्व्हेयरला, म्हणजे नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाला, विचारा. तरी फॉर्मवर ती नाही. मी कारखान्यात होतो तेव्हा, 2007 आधी आगीच्या विम्याचे दर ठरलेले होते त्या काळात, टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीचे इंजिनिअर पाहणीला येत. हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या नळांची, प्रीमियममध्ये सूट हवी तर हायड्रंट चालवून दाखवा म्हणत. इमारतींच्या विद्युत यंत्रणेसाठीही त्या कमिटीचे छापील नियम होते. आम्हाला त्या माणसांचा राग यायचा. आज वाटतं, निदान ते येत तरी होते. दर खुले झाले, स्पर्धा आली, प्रीमियम उतरला, आणि पाहणी नावाचा खर्चही उतरला.

दुसरी तक्रार क्लेमची, ती जरा सविस्तर सांगतो, कारण यात शेकडो सोसायट्या फसतात.

आम्ही 9 लाख 65 हजारांचा क्लेम दिला. हातात आले 2 लाख 84 हजार. पॅनेल, मीटर बोर्ड, स्विच आणि खोलीतल्या केबल यांचे 4 लाख 10 हजार संपूर्ण नाकारले. इतर केबल, गिलावा, रंग यांच्यावर घसारा म्हणून 2 लाख 21 हजार कापले. सॅल्व्हेज (जळक्या भंगाराची किंमत) आणि एक्सेस मिळून 50 हजार.

घसाऱ्याचं एक वेळ समजू शकतो. आमची पॉलिसी मार्केट व्हॅल्यूवर होती, रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर नव्हती. पहिलीत जुन्या वस्तूची जुनी किंमत मिळते, दुसरीत नवी वस्तू आणायचा खर्च. हा फरक एजंटने 11 वर्षांत एकदाही सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. चूक दोघांची.

पण त्या 4 लाख 10 हजारांचं काय? आगीच्या पॉलिसीत विजेच्या उपकरणांबद्दल एक अपवाद असतो. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत तो होता, 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीतही आहे. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: जास्त लोड, शॉर्ट सर्किट, ठिणग्या, आपोआप तापणं किंवा वीज गळती यामुळे एखादं उपकरण किंवा फिटिंग खराब झालं तर त्या उपकरणाचे पैसे मिळणार नाहीत. मात्र त्याच्यापासून आग पसरून दुसरं काही जळलं तर त्या दुसऱ्याचे मिळतील. अपवाद फक्त त्या एका वस्तूपुरता. हे कलमातच लिहिलेलं आहे.

आमच्याकडे दोष होता एका मेन स्विचच्या एका टर्मिनलला. सर्व्हेयरने आख्खी खोली 'एक विद्युत यंत्रणा' धरली आणि 32 घरांचे मीटर बोर्ड एका लगच्या माथी मारले. मी फोनवर विचारलं, साहेब, स्वयंपाकघरात मिक्सर जळला आणि त्याने शेजारचा फ्रिज पेटला, तर तुम्ही दोन्ही 'स्वयंपाकघर यंत्रणा' म्हणून नाकारणार का? ते म्हणाले, अहो काका, तसं नसतं. कसं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा अहवालही पहिल्यांदा मागितला तेव्हा मिळाला नाही, तिसऱ्या पत्रानंतर मिळाला. तोवर आमच्याकडून डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे पैसे पूर्ण मिळाल्याच्या पावतीवर, सही घेऊन झाली होती, आणि 'आता सही केलीत, विषय संपला' असं उत्तर आलं होतं. अशी सही केली म्हणून जास्त भरपाई मागायचा ग्राहकाचा हक्क संपत नाही, हे विमा नियामकाने 2015 च्या सप्टेंबरात परिपत्रक काढून कळवलेलं आहे. ते तुमच्या क्लेम विभागात कोणीतरी पुन्हा एकदा वाचून दाखवावं.

तिसरी तक्रार सगळ्यात छोटी आणि मला सगळ्यात जास्त टोचलेली. आगीनंतर आम्ही घरामागे 46,250 रुपये काढले, एकूण 14 लाख 80 हजार. दोन पेन्शनर घरांनी हप्त्याने दिले. प्रत्येक विंगला वेगळं पॅनेल आणि एमसीसीबी (मोठ्या लोडची एमसीबी), प्रत्येक मीटरपुढे एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारी), फ्लॅटपर्यंत तांब्याची केबल, ॲल्युमिनियम आणि तांबं जिथे भेटतं तिथे बायमेटल लग, दोन नवे अर्थ पिट. परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, मेगरच्या (वायरच्या इन्सुलेशनच्या चाचणीच्या) आणि अर्थिंगच्या रीडिंगसह. हा सगळा कागद मी एप्रिलमध्ये कंपनीला रीतसर पाठवला, पोच आहे. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: विद्युत यंत्रणा जुनी.

आमच्या मागच्या गल्लीत 2003 ची एक सोसायटी आहे. मीटर प्लायवूडवर, केबल बिल्डरच्या काळची ॲल्युमिनियमची, आरसीसीबीचा पत्ता नाही, आणि मीटर रूमच्या दारात दोन स्कूटर कायमच्या लावलेल्या. त्यांचं नूतनीकरण जुन्याच दराने झालं. कारण इमारत 'फक्त' 22 वर्षांची. त्यांच्या सेक्रेटरींना मी सगळं दाखवून आलो. ते म्हणाले, तुम्ही एवढा खर्च केलात आणि तुमचाच प्रीमियम वाढला, मग आम्ही कशाला करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही इमारतीचा जन्मदाखला बघून जोखीम ठरवता, आणि जोखीम तर मीटर रूममध्ये बसलेली असते. ती बघायला तुम्ही येता, पण आगीनंतर येता. तेव्हा प्रत्येक सैल स्क्रू तुम्हाला दिसतो.

माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याने जुनं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा विमावाल्याने पहिल्या फोनवर विचारलं, पॅनेल कुठल्या कंपनीचं? त्याला वाटलं, थट्टा करतोय. तिकडे न्यूअर्कच्या फेडरल पॅसिफिक कंपनीचे स्टॅब-लॉक ब्रेकर 1950 पासून 1980 च्या दशकापर्यंत लाखो घरांत बसले. लोड वाढल्यावर जे ट्रिप व्हायला हवेत ते होत नाहीत, असं चाचण्यांत आढळलं. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने चौकशी सुरू केली आणि 1983 मध्ये ठाम निष्कर्ष न काढताच बंद केली. सरकारने निकाल दिला नाही, तो विमा कंपन्यांनी दिला: पॅनेल बदला, मग या. फ्लॉरिडात जुन्या घराचा विमा घ्यायचा तर छप्पर, वीज, नळ आणि एसी या चार गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. त्यांच्याकडेही लोक वैतागतात, तपासणीवाले पैसे काढतात वगैरे भाच्याने सांगितलंच. पण प्रश्न निदान योग्य वस्तूबद्दल विचारला जातो. घराचं वय नुसतं लिहून घेऊन कोणी थांबत नाही.

आपल्याकडे गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. इमारतीचा आगीचा विमा काढणंही उपविधींनी सोसायटीवर टाकलेलं आहे. विजेच्या यंत्रणेचीही ठरावीक मुदतीने, पाच वर्षांहून जास्त अंतर न ठेवता, तपासणी व्हावी असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात, 2010 चे सांगत होते आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चेही सांगतात. काँक्रीटचं ऑडिट होतं, कारण कोणीतरी त्याचा कागद मागतं. तारांचा कागद कोणी मागत नाही. तुम्ही मागितलात तर कमिट्या एका वर्षात सरळ होतील. सरकारी नोटिशीला सोसायटी तीन वर्षं उत्तर देत नाही, पण 'विमा होणार नाही' म्हटलं की रविवारी सकाळी तातडीची सभा भरते. हे मी नऊ वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

मागण्या लिहून देतो.

1. प्रपोजल फॉर्ममध्ये विजेचं स्वतंत्र पान हवं. त्यात विचारा: किटकॅट फ्यूज आहेत की एमसीबी? आरसीसीबी आहे का? मुख्य केबल तांब्याची की ॲल्युमिनियमची? वायरिंग शेवटचं कोणत्या साली बदललं? अर्थिंगचं रीडिंग किती, कोणी घेतलं, कधी? आणि नुसतं 'एमसीबी आहे / नाही' असं चौकोनात खूण करायला लावू नका. एक चौरस मिलिमीटरच्या वायरवर 32 अँपिअरची एमसीबी बसवलेली मी डझनभर घरांत बघितली आहे. ट्रिप होते म्हणून मोठी टाकली, म्हणतात. किटकॅटमधली जाड तार ती हीच, फक्त प्लास्टिकच्या डबीतली. वायर किती आणि ब्रेकर किती, दोन्ही लिहून घ्या.

2. पहिली पॉलिसी देताना आणि नंतर दर पाच वर्षांनी मीटर रूम प्रत्यक्ष बघा. स्वतःचा माणूस पाठवणं परवडत नसेल तर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा अहवाल आणि फोटो मागा. खर्च सोसायटी देईल.

3. वय धरायचं असेल तर वायरिंगचं धरा. यंत्रणा बदलल्याचा अहवाल दिला तर तो नोंदवा, त्या वर्षापासून मोजा, आणि प्रीमियममध्ये फरक दाखवा. आमच्यासाठीच नव्हे, मागच्या गल्लीतल्या सेक्रेटरींसाठी.

4. प्रीमियम वाढवायचा, एक्सेस लावायचा किंवा विमा नाकारायचा असेल तर निदान 90 दिवस आधी लेखी कळवा, नक्की कशामुळे ते लिहा आणि दुरुस्तीला मुदत द्या. चार-पाच दिवस आधी आलेल्या पत्रावर सोसायटी काय करणार? वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीसच 14 दिवसांची असते.

5. वीज उपकरणांचा अपवाद, मार्केट व्हॅल्यू आणि रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू हा फरक, या दोन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरांत, पैसे घेण्याआधी. पॉलिसीच्या सतराव्या पानावर नको.

6. विजेच्या आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेयरने दोष नेमक्या कोणत्या वस्तूत होता ते लिहावं, आणि अपवाद तेवढ्याच वस्तूला लावावा. अहवालाची प्रत न मागता द्यावी. सर्व्हेयरला विजेतलं कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला बरोबर आणावं.

काही जण म्हणतील, काका, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, कंपन्या बघायला लागल्या तर निम्म्या जुन्या सोसायट्यांना विमाच मिळणार नाही. मिळणार नाही असं मला वाटत नाही, फार तर पहिली दोन वर्षं महाग मिळेल. पण समजा, एखाद्या सोसायटीला बोर्ड बदलेपर्यंत थांबवलं, तर त्या मुदतीत ती बोर्ड बदलेल. आज ती पावती फाइलला लावते आणि निवांत झोपते, आणि क्लेमच्या दिवशी कळतं की जळलेल्या वस्तूचाच विमा नव्हता. माझ्या मते हे जास्त महाग आहे.

आमच्या कंपनीकडून मला एवढंच हवं आहे: एप्रिलमध्ये पाठवलेला टेस्ट रिपोर्ट वाचावा, 'जुनी विद्युत यंत्रणा' हा शेरा काढावा, 2 लाखांचा एक्सेस रद्द करावा, आणि 4 लाख 10 हजारांचा नाकारलेला भाग कलमातल्या शब्दांप्रमाणे पुन्हा तपासावा. लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावं. नाही मिळालं तर नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकायची तयारी आहे, कागद स्कॅन करून ठेवले आहेत.

वाढीव प्रीमियम आम्ही 31 ऑगस्टला भरला, पॉलिसी चालू आहे. मीटर रूमच्या दोन किल्ल्या आहेत, एक वॉचमनकडे, एक दाराबाहेर काचेच्या पेटीत. गच्चीचं कुलूप काढून टाकलं आहे. सोमवार ते शनिवार, दहा ते सहा, कोणीही यावं. बॅटरी आणायची गरज नाही, आत आता चांगला उजेड आहे.

आपला,
ठाण्यातल्या एका 41 वर्षांच्या इमारतीचा सेक्रेटरी

ता. क. पंपाला आता योग्य रेटिंगचा स्टार्टर आणि ओव्हरलोड रिले आहे. बेअरिंगही बदललं.